पाटी, वही आणि पेढी : डॉ. आनंद देशपांडे यांची वाटचाल

दिवाळीत बारामतीच्या किंवा इंदापूरच्या बाजारपेठेत नव्या वह्यांची पूजा होते, तेव्हा अनेक घरांत पाटाभोवती तीन पिढ्या बसलेल्या असतात. आजोबा वहीच्या पहिल्या पानावर ‘शुभ’ आणि ‘लाभ’ लिहितात. वडिलांचे अर्धे लक्ष संगणकावरील जीएसटीच्या विवरणपत्राकडे असते. पुण्याहून सुट्टीला आलेला नातू संगणकशास्त्र शिकत असतो आणि पदवीनंतर स्वतःचे काही सुरू करावे, असे त्याच्या मनात घोळत असते. आजोबांना पेढी चालू राहावी असे वाटते, नातवाला आपली विद्या वापरावीशी वाटते आणि वडिलांचा जीव दोन्हीकडे ओढला जातो. पुढे ही वही कोण लिहिणार, हा प्रश्न त्या पूजेत कोणी उच्चारत नाही. पण तो सर्वांच्या मनात असतो.

हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. सोलापूरच्या दिगंबर जैन व्यापारी घराण्यात १८८२ साली जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद दोशी यांनी घराण्याचा पिढीजात व्यवहार सोडून रेल्वेच्या बांधकामाची कंत्राटे घेतली. पुढे ते जहाजवाहतुकीत, विमानांच्या आणि मोटारींच्या कारखानदारीत शिरले. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर हे त्यांच्याच धाडसाचे फळ. तेथे १९३० च्या दशकात साखर कारखाना उभा राहिला, आणि पुढे त्याच गावातील यंत्रशाळेत भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या अग्निबाणांचे भाग तयार होऊ लागले. आडत आणि सावकारीत मुरलेल्या समाजातील एक माणूस यंत्रविद्येकडे वळला, म्हणून नीरेच्या खोऱ्यातील माळरानावर हे घडू शकले.

आजच्या काळातील विद्या मात्र वेगळी आहे. तिला माळरान लागत नाही, ऊसही लागत नाही. त्या विद्येतून उद्योग कसा उभा राहतो, हे समजून घेण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. बारामतीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, पुण्यात, डॉ. आनंद देशपांडे यांनी संगणकशास्त्रातील संशोधनाच्या बळावर ‘पर्सिस्टंट सिस्टिम्स’ ही संस्था उभी केली. त्यांच्या वाटचालीत व्यापारी कुटुंबांना आपलेसे वाटावे असे बरेच आहे, आणि आपल्या सवयींना धक्का देणारेही काही आहे.

खरगपूर ते ब्लूमिंग्टन

आनंद देशपांडे यांनी खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून १९८४ साली संगणकशास्त्र आणि अभियांत्रिकीची पदवी घेतली. १९५१ मध्ये स्थापन झालेली ही देशातील पहिली आयआयटी. १९८४ साली भारतात संगणक हा शब्द सर्वसामान्य माणसाच्या बोलण्यात फारसा नव्हता. बँकांमध्ये हाताने लिहिलेली लेजरे होती, रोजचा ताळा रात्री उशिरापर्यंत जुळवला जाई आणि यंत्रांमुळे नोकऱ्या जातील म्हणून कर्मचारी संघटनांचा यांत्रिकीकरणाला विरोध होता. त्या काळात केवळ संगणकशास्त्र शिकायचे ठरवणे म्हणजे अजून बाजार न भरलेल्या मालाची खरेदी करण्यासारखे होते.

पदवीनंतर ते अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात, ब्लूमिंग्टन येथे गेले. तेथे त्यांनी एम.एस. केले आणि १९८९ साली पीएच.डी. मिळवली. त्यांचा संशोधनाचा विषय होता डेटाबेस, म्हणजे माहिती नीट साठवण्याची आणि हवी तेव्हा बिनचूक काढून देण्याची विद्या. हा विषय ऐकायला अवघड वाटतो. परंतु ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या रोजमेळ आणि खतावणी लिहिली गेली, त्यांना तो इतरांपेक्षा लवकर समजावा असाच आहे.

रोजमेळ आणि खतावणी

एडगर कॉड या शास्त्रज्ञाने १९७० साली माहिती साठवण्याची एक पद्धत मांडली. तिला रिलेशनल पद्धत म्हणतात. सर्व माहिती आडव्या ओळी आणि उभ्या रकान्यांच्या कोष्टकांत ठेवायची, आणि एका घरात एकच नोंद लिहायची, हा तिचा मूळ नियम. रोजमेळाचे पान डोळ्यांसमोर आणावे. तारीख, नाव, तपशील, रक्कम. प्रत्येक ओळीत एक व्यवहार. पद्धत सोपी, शिस्तीची आणि पडताळायला सोयीची आहे. आज जगातील बँका, रेल्वेची आरक्षणे आणि दुकानांची बिले यांतील फार मोठा भाग याच पद्धतीवर चालतो.

पण व्यापारात रोजमेळ पुरत नाही. एखाद्या आसामीकडे एकूण येणे किती, हे पाहायचे तर खतावणी उघडावी लागते. तेथे एका नावाच्या पानावर त्या माणसाचे सगळे व्यवहार एकत्र असतात. रिलेशनल पद्धतीत ग्राहकांचे कोष्टक वेगळे आणि व्यवहारांचे कोष्टक वेगळे असते. हिशेब मागितला की संगणकाला दोन्ही कोष्टके दर वेळी जुळवावी लागतात. यावर शास्त्रज्ञांनी एक कल्पना पुढे आणली. कोष्टकातील एका घरात दुसरे संपूर्ण कोष्टक का असू नये? ग्राहकाच्या नावासमोरच त्याच्या व्यवहारांचे कोष्टक ठेवता आले, तर संगणकालाही खतावणी मिळेल.

कल्पना कागदावर सुरेख होती. ती यंत्रात उतरवणे कठीण होते. अशी कोष्टकात कोष्टक असलेली माहिती तबकडीवर कशी मांडायची आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर लवकर कसे शोधायचे, हा देशपांडे यांच्या संशोधनाचा विषय होता. मार्गदर्शक प्राध्यापक डर्क व्हॅन गुख्त यांच्यासह त्यांनी लिहिलेला शोधनिबंध १९८८ मध्ये डेटाबेस क्षेत्रातील एका अग्रगण्य आंतरराष्ट्रीय परिषदेत सादर झाला. नुसता सिद्धांत मांडून न थांबता तो चालवून दाखवायचा, ही वृत्ती येथे दिसते. पुढच्या उद्योगाची बीजे याच वृत्तीत होती.

संस्थेचे नावही याच शास्त्रातील आहे. संगणकाची चालू आठवण पाटीसारखी असते. वीज गेली की पाटी कोरी. जी नोंद कार्यक्रम बंद झाल्यावरही शाबूत राहते, तिला त्या शास्त्रात ‘पर्सिस्टंट’ म्हणतात. दिवाणजी बदलले, मालक बदलले, तरी वहीतील नोंद राहते आणि तिच्या आधारावर पेढीचा व्यवहार पुढे चालतो. पाटीवरचे पुसते, वहीतले टिकते. या संस्थेच्या नावात हाच भेद आहे.

परतीचा निर्णय

पीएच.डी. नंतर देशपांडे कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत काम करू लागले. डेटाबेसचेच काम, नामांकित प्रयोगशाळा आणि सभोवती सिलिकॉन व्हॅली. तेथेच राहिले असते तरी कोणी दोष दिला नसता. त्या पिढीतील बहुतेकांनी तेच केले. देशपांडे यांनी मात्र १९९० मध्येच परतीची वाट धरली. मे १९९० मध्ये पर्सिस्टंट सिस्टिम्सची नोंदणी झाली, आणि पुणे ही तिची कर्मभूमी ठरली.

ते वर्ष आठवले तर या निर्णयाचे धाडस ध्यानात येते. उदारीकरणाचा प्रसिद्ध अर्थसंकल्प जुलै १९९१ चा, म्हणजे आणखी एक वर्ष पुढचा. देशाची परकीय चलनाची गंगाजळी आटत चालली होती. संगणकाच्या आयातीवर जबर कर होता. साधा दूरध्वनी मिळवण्यासाठी लोक वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत असत. परदेशाशी संगणकाने जोडले जाणे ही तर चैनच होती. तारण म्हणून जमीन, इमारत, यंत्रे किंवा गोदामातील माल दाखवता येत असेल, तरच बँकेचे कर्ज मिळे. काही संगणक आणि डोक्यातील विद्या एवढ्यावर कॅश क्रेडिट मंजूर करण्याचा नमुना त्या काळच्या बँकेच्या अर्जात नव्हता.

पुण्यात मात्र विद्येचे वातावरण तयार होत होते. टाटांचे संशोधन आणि संरचना केंद्र तेथे १९८१ पासून होते. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९८८ मध्ये सी-डॅक सुरू झाले आणि १९९१ मध्ये तेथे ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. सरकारने सॉफ्टवेअर निर्यातीसाठी जी तंत्रज्ञान उद्याने उभारायला घेतली, त्यांतील सुरुवातीच्या काही उद्यानांपैकी एक पुण्याचे होते. अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी होतकरू मुले बाहेर पडत होती. व्यापारी जागा घेताना आधी वर्दळ पाहतो. देशपांडे यांना लागणारी वर्दळ विद्यार्थ्यांची होती, आणि ती पुण्यात होती.

काय विकायचे नाही, हेही ठरवले

त्या काळी भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाचा रूढ मार्ग असा होता की येथील अभियंते परदेशी ग्राहकाच्या कचेरीत पाठवायचे आणि त्यांच्या तासांचे पैसे घ्यायचे. या मार्गाने पैसा लवकर हाती येई. पर्सिस्टंटने निराळा माल मांडला. ज्या कंपन्या स्वतः सॉफ्टवेअर बनवून विकतात, त्यांच्या उत्पादनाचा काही भाग पुण्यात बसून तयार करून द्यायचा, आणि त्यातही सुरुवातीला डेटाबेसच्या कामावर भर द्यायचा. विषय अवघड, ग्राहक थोडे. पण जे ग्राहक मिळत ते सहसा सोडून जात नसत. दुसऱ्याच्या उत्पादनाच्या गाभ्यात हात घालायचा तर त्याचा आधी विश्वास मिळवावा लागतो, आणि एकदा मिळालेला विश्वास दर कमी केल्याने दुसरीकडे जात नाही.

बारामतीच्या बाजारात याला समांतर उदाहरणे सापडतील. एखादा दुकानदार सगळा माल ठेवतो आणि भावात स्पर्धा करतो. दुसरा एकाच जिनसेचा माहीतगार होतो, आणि दहा गावांचे लोक ‘त्यांना विचारून घेऊ’ म्हणत त्याच्याकडे येतात. दुसऱ्याचा गल्ला सुरुवातीची काही वर्षे लहान असतो. घरच्यांचा धीर सुटण्याची वेळ हीच. पर्सिस्टंटची पहिली वर्षेही सावकाश वाढीची होती. संस्था भांडवल बाजारात यायला वीस वर्षे लागली. आज दोन वर्षांत कोट्यवधींचे मूल्यांकन मिळवण्याच्या गोष्टी तरुणांच्या कानांवर पडतात. त्या गोष्टींशेजारी हा वीस वर्षांचा आकडाही ठेवावा.

भांडवल : आधी घरचे, मग परक्याचे, मग सर्वांचे

संस्थेचे प्रवर्तक म्हणून आनंद देशपांडे यांच्यासह त्यांचे वडील सुरेश देशपांडे यांचेही नाव आहे. मुलाच्या विद्येमागे वडिलांचा अनुभव आणि पाठबळ उभे राहणे, हे आपल्या पेढ्यांना चांगले परिचित आहे. मात्र परंपरेने मुलगा वडिलांच्या धंद्यात येतो. येथे वडील मुलाच्या धंद्यात आले. पेढीच्या गादीवर वर्षानुवर्षे बसलेल्या माणसाला ही उलटापालट सोपी वाटणार नाही. पण ज्या घरात मुलाची विद्या वडिलांच्या विद्येपेक्षा वेगळी आहे, त्या घराला एक मार्ग यातून दिसतो. वडिलांनी हिशेब, माणसांची पारख आणि बाजारातील पत सांभाळावी. मुलाने त्याचे शास्त्र सांभाळावे.

त्यानंतर परके भांडवल आले. २००० साली इंटेलशी संबंधित गुंतवणूक निधीने आणि २००५ मध्ये नॉर्वेस्ट व गॅब्रिएल या जोखीम भांडवल पुरवणाऱ्या संस्थांनी पर्सिस्टंटमध्ये पैसा घातला. असे भांडवल कर्जाहून वेगळे असते. कर्ज देणाऱ्याला व्याज आणि मुद्दल परत मिळाले की तो समाधानी असतो. भागीदार म्हणून पैसा घालणारा मात्र वही तपासतो, प्रश्न विचारतो, संचालक मंडळावर बसतो आणि मालकीचा वाटा मागतो. आपल्या अनेक पेढ्यांची वाढ नेमकी येथेच थांबते. धंदा चांगला चालू असतो, मागणी असते. पण घराबाहेरच्या माणसाला वही दाखवायची तयारी नसते. मग घरच्या पैशाला जेवढे झेपेल तेवढाच धंदा वाढतो.

मार्च २०१० मध्ये पर्सिस्टंटचे समभाग सर्वसामान्य गुंतवणूकदारांसाठी खुले झाले. ३१० रुपये भावाने सुमारे १६८ कोटी रुपये उभारायचे होते. मागणी नव्वद पटींहून अधिक आली. त्या वर्षी संस्थेचे उत्पन्न सुमारे ६०० कोटी रुपयांचे होते. पुढे २०१५ मध्ये एकास एक बोनस मिळाला आणि २०२४ मध्ये दहा रुपयांच्या समभागाचे पाच रुपयांच्या दोन समभागांत विभाजन झाले. म्हणजे पहिल्या विक्रीत मिळालेला एक समभाग जपून ठेवणाऱ्याकडे आज चार आहेत. अर्थात मागे वळून पाहताना सगळेच सोपे दिसते. मधल्या वर्षांत भाव चढले तसे उतरलेही, आणि नुसता आकडा पाहून समभाग घेणाऱ्याला यातून शिकण्यासारखे फार थोडे आहे. १९९० मध्ये नोंदवलेली संस्था २०१० पर्यंत दरवर्षी दुसऱ्याला दाखवता येईल अशी वही लिहीत राहिली. शिकण्यासारखे आहे ते हे.

गादी सोडण्याची परीक्षा

उद्योग उभा करणाऱ्या माणसाची सर्वांत अवघड परीक्षा बहुधा शेवटी येते. आपण उभारलेले दुसऱ्याच्या हाती द्यायचे कधी, आणि कोणाच्या? या प्रश्नावर आपल्याकडे कितीतरी चांगल्या पेढ्या मोडल्या. वडील ऐंशीव्या वर्षीही तिजोरीची किल्ली सोडत नाहीत, साठीचा मुलगा अजून ‘लहान’ असतो आणि नातू कंटाळून नोकरी धरतो. काही घरांत याउलट घडते. मृत्यूनंतर वाटण्या होतात, एका पाटीच्या तीन पाट्या होतात आणि तिघेही एकमेकांचा भाव पाडतात.

देशपांडे यांनी दैनंदिन कारभाराची सूत्रे घराबाहेरील व्यावसायिक व्यक्तीकडे सोपवण्याचे ठरवले. २०१९ मध्ये आयबीएममधून आलेले क्रिस्टोफर ओ’कॉनर मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. ही व्यवस्था दोन वर्षेही टिकली नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये ती जबाबदारी संदीप कालरा यांच्याकडे आली. देशपांडे यांनी अध्यक्षपद स्वतःकडे ठेवले.

या प्रसंगाचा मधला भाग विशेष विचार करण्याजोगा आहे. पहिली निवड फार काळ न टिकल्यावर संस्थापकाला पुन्हा गादीवर बसण्याचा मोह होणे स्वाभाविक असते. ‘आपल्याशिवाय चालत नाही’ हे ऐकायला प्रत्येकाला आवडते, आणि ते ऐकवणारी माणसेही भोवती असतात. ती संधी असताना खुर्ची पुन्हा दुसऱ्याला देणे पहिल्या वेळेपेक्षा कठीण असते. या निर्णयाचे फळ आकड्यांत दिसले. २०२०-२१ मध्ये सुमारे ४,१८८ कोटी रुपये असलेले उत्पन्न २०२२-२३ मध्ये ८,३५० कोटींवर, म्हणजे एक अब्ज डॉलरच्या पुढे गेले, आणि २०२४-२५ मध्ये ते सुमारे ११,९३९ कोटी झाले. बावीस हजारांहून अधिक माणसे आज तेथे काम करतात. त्या वर्षांत जगभरच सॉफ्टवेअरला मागणी वाढली होती, हे खरे. पण संस्थापकाने खुर्ची सोडल्याने संस्था खचली नाही, हेही तितकेच खरे.

नोंद करणाऱ्या माणसाच्या पश्चात नोंद टिकावी, हा त्यांच्या शास्त्राचा धडा होता. उद्योगाच्या बाबतीतही त्यांनी तोच गिरवला.

लहान उद्योजकाकडे वळलेली नजर

आनंद आणि सोनाली देशपांडे यांनी २०१३ मध्ये पुण्यात ‘दे आसरा फाउंडेशन’ सुरू केले. स्वतःचा छोटा उद्योग सुरू करू इच्छिणाऱ्यांना आणि चालू उद्योग वाढवू पाहणाऱ्यांना मार्गदर्शन करणे हे तिचे काम. परवाने कोणते लागतात, नोंदणी कशी करायची, कर्जाचा प्रस्ताव कसा लिहायचा, विक्री कशी वाढवायची, अशा व्यवहारी गोष्टींत ही संस्था मदत करते. जागतिक कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या उद्योजकाने खानावळ, शिवणकाम किंवा दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्यांसाठी संस्था काढावी, यात एक विचार आहे. एक मोठी कंपनी हजारो माणसांना काम देते. पण देशातील बहुतेक कामे लाखो लहान धंद्यांतूनच निर्माण होतात.

संस्थेच्या इमारतींची नावेही बोलकी आहेत. पुण्यात ‘भगीरथ’ आणि ‘आर्यभट-पिंगल’, नागपुरात ‘गार्गी-मैत्रेयी’. आर्यभटाने गणित आणि ज्योतिष यांना दिशा दिली; पिंगलाने छंदशास्त्रात लघु आणि गुरू अशा दोनच खुणांनी सर्व रचना मोजल्या. आजचा संगणकही दोनच खुणांवर चालतो. दाराशी येणाऱ्या तरुण अभियंत्याला ही विद्या परकी नाही, याची आठवण रोज होत असेल.

आपल्या गावांसाठी

बारामती आणि इंदापूरच्या घरांनी या कथेकडे कौतुकाने पाहून पान उलटावे, एवढाच तिचा उपयोग नाही. या भागात विद्येची साधने आता पुष्कळ आहेत. अनेकान्त एज्युकेशन सोसायटीने १९६२ मध्ये बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय काढले, तेव्हा व्यापारी समाजाने कमावलेला पैसा विद्येकडे वळवला होता. त्याच महाविद्यालयात आज संगणकशास्त्र शिकवले जाते. विद्या प्रतिष्ठानची अभियांत्रिकी आणि संगणक शिक्षणाची महाविद्यालये आहेत. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला आहे. उपग्रहाची छायाचित्रे, शेतातील हवामान आणि मातीची मोजमापे एकत्र करून पाणी आणि खत कधी, किती द्यावे याचा सल्ला शेतकऱ्याच्या भ्रमणध्वनीवर पोहोचतो. ज्या शिवारातून आपल्या दुकानांत गिऱ्हाईक येते, त्या शिवारातच संगणकशास्त्र येऊन पोहोचले आहे.

अशा वेळी घरातील संगणक शिकलेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे दोनच वाटा आहेत असे मानणे चुकीचे ठरेल: एक, पुण्या-बंगळुरूची नोकरी, आणि दुसरी, विद्या बाजूला ठेवून गल्ल्यावर बसणे. तिसरी वाट आहे. खत-बियाण्यांच्या दुकानाला कोणत्या गावात कोणता माल कधी लागतो, हे वीस वर्षांच्या वह्यांत लिहिलेले असते. आडत दुकानात डाळिंबाच्या आणि गुळाच्या भावांची पिढीभराची नोंद असते. सराफाच्या पेढीकडे तीन पिढ्यांच्या ग्राहकांची ओळख असते. बाहेरच्या कोणत्याही कंपनीला ही माहिती विकत घेता येणार नाही, कारण ती विश्वासाने गोळा झाली आहे. शास्त्र शिकलेल्या मुलाच्या हाती ती वही देऊन ‘यातून काय निघते ते पाहा’ असे म्हणणारे वडील त्याला खरे भांडवल देत असतात.

त्यासाठी काही गोष्टी आधी ठरवाव्या लागतील, आणि त्या कुटुंबाने एकत्र बसून, शक्य तर कागदावर ठरवाव्यात.

पहिली गोष्ट मुदतीची. नव्या कामाला किती वर्षे द्यायची आणि त्या काळात घरखर्च कशातून चालवायचा, हे आधी ठरले की दुसऱ्याच वर्षी ‘काय मिळवलेस?’ हा प्रश्न जेवणाच्या ताटावर येत नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. पेढीचे खेळते भांडवल आणि नव्या कामाचे भांडवल यांची खाती वेगळी असावीत. जुन्या धंद्याची उधारी-वसुली नव्या धंद्यात गुंतली की दोन्ही धंद्यांची पत एकदम जाते. बुडाले तरी घर मोडणार नाही, एवढीच रक्कम नव्या कामात घालावी, आणि ती दिल्यावर रोज मोजू नये.

तिसरी गोष्ट वहीची. पहिल्या दिवसापासून हिशेब असा लिहावा की उद्या बँकेचा अधिकारी, भागीदार किंवा गुंतवणूकदार आला तर तो तसाच पुढे ठेवता येईल. घरच्यासाठी एक आणि बाहेरच्यासाठी एक अशा दोन वह्या ठेवणाऱ्या धंद्याला कधीच परके भांडवल मिळत नाही आणि त्यामुळे तो कधीच मोठा होत नाही.

चौथी गोष्ट अधिकाराची, आणि तीच सर्वांत कठीण. ज्याच्याकडे काम सोपवले, त्याला चुकण्याचा हक्क द्यावा लागतो. सल्ला द्यावा, विचारले तर अवश्य द्यावा. पण किल्ली देऊन कुलूप आपल्याकडे ठेवू नये. हीच गोष्ट घरातील मुलींच्या बाबतीत अधिक लक्षपूर्वक पाळावी. संगणकशास्त्र शिकलेल्या कितीतरी मुली आज आपल्या घरांत आहेत, आणि पेढीच्या भविष्याची चर्चा सुरू झाली की त्यांना चहा आणायला पाठवले जाते.

वालचंद शेठ गादीवरून उठून रेल्वेच्या रुळांकडे गेले, तेव्हा सोलापूरच्या बाजारात चर्चा झालीच असेल. देशपांडे पालो आल्टोची नोकरी सोडून पुण्याला आले, तेव्हाही कोणाच्या तरी भुवया उंचावल्या असतील. दोघांनीही आपल्या विद्येचा हिशेब स्वतः मांडला आणि तो पुरा होण्यासाठी लागणारी वर्षे दिली.

येत्या दिवाळीत नवी वही उघडली जाईल, तेव्हा तिच्या पहिल्या पानावर ‘शुभ’ आणि ‘लाभ’ आजोबांनीच लिहावे. दुसऱ्या पानावर काय लिहायचे, हे मात्र एकदा नातवाला आणि नातीला विचारून पाहावे.